देणारेही तेच, तपासणारेही तेच

२० जानेवारी २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने एक पत्रक काढले आणि वन रँक वन पेन्शनची, म्हणजे समान पद व समान सेवाकालाला समान निवृत्तिवेतन देणाऱ्या योजनेची, थकबाकी बहुसंख्य माजी सैनिकांना चार सहामाही हप्त्यांत दिली जाईल, असे परस्पर जाहीर केले. याच मंत्रालयाने त्याच महिन्याच्या ९ तारखेला ही थकबाकी चुकती करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडून १५ मार्चपर्यंतची मुदत मागून घेतली होती. मूळ निकाल १६ मार्च २०२२ चा होता. त्यात न्यायालयाने सरकारचे धोरण वैध ठरवले होते, पण १ जुलै २०१९ पासून निवृत्तिवेतनाची फेरनिश्चिती करून फरकाची रक्कम तीन महिन्यांत द्यावी, असेही स्पष्ट सांगितले होते. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ झाले, आणि मग न्यायालयाला न विचारता हप्ते पाडण्यात आले. न्यायालयाने मंत्रालयाची कानउघाडणी केली आणि २० मार्च २०२३ रोजी स्वतःच वेळापत्रक आखून दिले: कुटुंब निवृत्तिवेतनधारक व शौर्यपदक विजेत्यांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरी ओलांडलेल्यांना ३० जूनपर्यंत आणि उरलेल्यांना ऑगस्ट, नोव्हेंबर व पुढच्या फेब्रुवारीच्या अखेरीस तीन समान हप्त्यांत.

पंचवीस लाखांहून अधिक लोकांच्या पैशाचा हा प्रश्न होता. सत्तरीच्या पुढच्या निवृत्त सुभेदाराला त्याचे पैसे कोणत्या महिन्यात मिळावेत, हे देशाच्या सरन्यायाधीशांना ठरवावे लागले. त्यांच्या आधी ते ठरवू शकेल, किंवा निदान मंत्रालयाला जाब विचारू शकेल, अशी कोणतीही यंत्रणा आपल्याकडे नव्हती आणि आजही नाही. या लेखात मला याच उणिवेविषयी लिहायचे आहे.

माझे वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या सातारा जिल्ह्यात सैन्यात गेलेला माणूस नाही असे घर शोधावे लागते. याच जिल्ह्यातल्या आपशिंगे या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लावले जाते आणि पहिल्या महायुद्धात या एकट्या गावातले ४६ जण कामी आल्याची नोंद सांगितली जाते. वडिलांची कागदपत्रे लावता लावता शेजारपाजारच्या फौजींची कागदपत्रेही माझ्याकडे येऊ लागली आणि त्यातूनच या व्यवस्थेची आतली रचना मला थोडीफार कळत गेली. त्यामुळे सरकार माजी सैनिकांसाठी काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ठेवलेल्या सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांपैकी जवळपास १ लाख ६१ हजार कोटी रुपये निवृत्तिवेतनासाठी आहेत. यात संरक्षण खात्यातल्या नागरी कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतनही येते, हे खरे. तरीही रक्कम प्रचंड आहे. माझा आक्षेप रकमेवर नाही. नियम करणारे, पैसे देणारे, तक्रार ऐकणारे आणि तक्रारदार न्यायालयात गेला तर त्याच्याविरुद्ध उभे राहणारे, हे सगळे एकाच मंत्रालयाचे आहेत, हा माझा आक्षेप आहे.

माजी सैनिक कल्याण विभाग हा संरक्षण मंत्रालयातला स्वतंत्र विभाग २००४ साली स्थापन झाला. पुनर्वसन महासंचालनालय, केंद्रीय सैनिक बोर्ड आणि माजी सैनिकांची आरोग्य योजना या विभागाच्या अखत्यारीत आहेत. केंद्रीय बोर्डाचे अध्यक्ष संरक्षणमंत्री, राज्य बोर्डाचे मुख्यमंत्री आणि जिल्हा बोर्डाचे जिल्हाधिकारी, अशी ही उतरंड आहे. आपल्याकडे पुण्यात सैनिक कल्याण विभाग आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. गावातला फौजी काही अडले की याच कार्यालयात जातो. पण त्याच्या निवृत्तिवेतनाचा निर्णय तिथे होत नाही. तो होतो त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात आणि प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयात. जिल्हा कार्यालय अर्ज पुढे पाठवू शकते, शिफारस करू शकते, ओळखपत्र व शिष्यवृत्तीची कामे करू शकते. पण अर्ज का अडला, असे प्रयागराजला ठणकावून विचारण्याचा अधिकार त्याला नाही. जे माणसाच्या जवळ आहे त्याच्या हाती काही नाही आणि ज्याच्या हाती सारे आहे ते माणसापासून दूर आहे.

वन रँक वन पेन्शनचा इतिहास या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. तिसऱ्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १९७३ पासून, सैनिकांच्या निवृत्तिवेतनाची जुनी पद्धत बदलली आणि असंतोषाला सुरुवात झाली. जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतो. नागरी सेवेतला कर्मचारी साठीपर्यंत पूर्ण पगार घेतो आणि मधले प्रत्येक वेतन आयोग त्याच्या पदरात पडतात, सैनिकाच्या पदरात मात्र त्यांचा फक्त काही अंश पडतो. समान पद व समान सेवाकाल असलेल्यांना, निवृत्तीची तारीख कोणतीही असो, समान निवृत्तिवेतन मिळावे आणि पुढची प्रत्येक वाढ जुन्या निवृत्तांना आपोआप लागू व्हावी, ही व्याख्या राज्यसभेच्या याचिका समितीने डिसेंबर २०११ मध्ये मांडली. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. २०१४ मध्ये सरकारने तत्त्व मान्य केले, २०१५ च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर माजी सैनिकांचे उपोषण सुरू झाले आणि ५ सप्टेंबर २०१५ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये आदेश निघाला तेव्हा ‘आपोआप’च्या जागी ‘दर पाच वर्षांनी’ आले होते. संसदीय समितीने मांडलेली आणि सरकारने तत्त्वतः स्वीकारलेली व्याख्या अंमलबजावणीच्या आदेशात बदलली गेली आणि हा बदल संसदेकडून मान्य करून घेण्याची गरज कोणालाही वाटली नाही.

पुढची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. आदेशातील त्रुटी तपासण्यासाठी न्यायमूर्ती एल. नरसिंह रेड्डी यांची एकसदस्यीय न्यायिक समिती नेमली गेली. तिने ऑक्टोबर २०१६ मध्ये अहवाल दिला. तो अहवाल मंत्रालयाकडे गेला आणि मंत्रालयाने त्याची व्यवहार्यता व आर्थिक बाजू तपासण्यासाठी स्वतःचीच एक अंतर्गत समिती नेमली. म्हणजे ज्यांच्या आदेशातल्या त्रुटी न्यायमूर्तींनी तपासल्या, त्यांनीच न्यायमूर्तींचा अहवाल तपासायचा. पुढची कित्येक वर्षे संसदेत याविषयी प्रश्न आला की ‘अंतर्गत समितीकडे विचाराधीन’ या आशयाचे उत्तर मिळत राहिले.

अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या बाबतीत या रचनेची खरी किंमत दिसते. सैन्यात भरती होताना उमेदवाराची कसून वैद्यकीय तपासणी होते. वीस-बावीस वर्षांनी तोच माणूस बाहेर पडताना त्याच्या शरीरात काही बिघाड झालेला असेल, तर वैद्यकीय मंडळ तो बिघाड सेवेमुळे झाला की नाही, सेवेमुळे वाढला की नाही, हे ठरवते. ‘सेवेमुळे नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असा शेरा पडला की दावा संपतो. २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नंतर झाला तर तो सेवेमुळे झाला असे मानून चालावे; ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. २०१४ च्या डिसेंबरमध्ये राम अवतार प्रकरणात, अपंगत्वाची टक्केवारी ५०, ७५ आणि १०० अशा टप्प्यांवर नेण्याचा लाभ सेवाकाल पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळेल, हे स्पष्ट झाले. कायदा इतका स्वच्छ झाल्यावर वाद थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत.

पर्रीकरांना हे कळले होते, असे मला त्यांच्या निर्णयांवरून वाटते. त्यांनी २०१५ मध्ये मंत्रालयाच्या खटल्यांचा आढावा घेण्यासाठी एक तज्ज्ञ समिती नेमली आणि अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने केलेली अपिले हा त्या समितीच्या अहवालातला एक ठळक विषय होता. काही काळ अपिले मागे घेण्याचे प्रयत्नही झाले. मंत्री बदलले आणि जुनी सवय परत आली. जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्ध केंद्र सरकारने केलेल्या सुमारे ३०० याचिका एकाच वेळी फेटाळल्या. एका मंत्र्याच्या सद्भावनेवर उभी असलेली सुधारणा त्या मंत्र्याबरोबरच जाते; ती टिकवून धरणारे खांब संस्थेचे असावे लागतात.

आमच्या भागात तोफखान्यातून आलेले एक निवृत्त नाईक आहेत. त्यांना तोफांच्या आवाजाने ऐकू कमी येऊ लागले, तरी मंडळाने ते सेवेमुळे नाही असे ठरवले. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, अपंगत्व २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर धरले आणि त्यानंतर त्या आदेशाची अंमलबजावणी होण्यासाठी त्यांना पुन्हा अर्ज करावा लागला. त्या काळात त्यांच्याशी बोलताना मी कागदावर लिहून दाखवत असे. निकाल जिंकलेल्या माणसाने आपला निकाल पाळला जावा म्हणून पुन्हा दाद मागायची, ही गोष्ट मला आजही पटत नाही.

ज्या न्यायाधिकरणाकडे त्यांनी दाद मागितली, त्याचीही कहाणी याच प्रकारची आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झाले आणि महाराष्ट्र, गुजरात व गोव्याची प्रकरणे त्याच्या मुंबई खंडपीठाकडे आली. उच्च न्यायालयांवरचा भार हलका व्हावा आणि सैनिकाला लवकर न्याय मिळावा, हा चांगला हेतू त्यामागे होता. पण न्यायाधिकरणाचे प्रशासकीय नियंत्रण संरक्षण मंत्रालयाकडेच राहिले. तिथल्या जवळपास प्रत्येक प्रकरणात प्रतिवादी असलेले मंत्रालयच न्यायाधिकरणाच्या इमारती, कर्मचारी आणि खर्च यांची व्यवस्था पाहते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच हे नियंत्रण विधी मंत्रालयाकडे द्यावे, असे म्हटले होते. आपले आदेश न पाळणाऱ्यावर दिवाणी अवमानाची कारवाई करण्याचा अधिकारही या न्यायाधिकरणाला कायद्याने दिलेला नाही. शिवाय २०१५ ते २०२३ या काळात, सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे, न्यायाधिकरणाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याचा मार्गही जवळजवळ बंद होता. गावातल्या जवानाने थेट दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय गाठावे, अशी अपेक्षा होती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो मार्ग पुन्हा मोकळा केला. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की मोकळ्या झालेल्या त्या वाटेचा मोठा वापर सैनिकांविरुद्ध सरकारनेच केला. वर सांगितलेल्या दिल्लीतल्या याचिका त्याच वाटेने आलेल्या होत्या.

लेखापरीक्षणाविषयीही प्रामाणिकपणे लिहायला हवे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने निवृत्त अधिकाऱ्यांना मिळणाऱ्या अपंगत्व निवृत्तिवेतनाची तपासणी केली आणि जवानांच्या तुलनेत अधिकाऱ्यांमध्ये हे प्रमाण बरेच जास्त असल्याकडे, तसेच त्यात उच्च रक्तदाब व मधुमेह यांसारख्या आजारांचा वाटा मोठा असल्याकडे लक्ष वेधले. हा प्रश्न विचारणे महालेखापरीक्षकांचे कामच होते आणि तो योग्यच होता. पण त्याच वर्षी २१ सप्टेंबरला जे नवे नियम आले, ते केवळ अधिकाऱ्यांना लागू झाले नाहीत. त्या तारखेपासून निवृत्त होणाऱ्या प्रत्येक जवानालाही लागू झाले. हिमरेषेवर, वाळवंटात, सततच्या बदल्यांत आणि कुटुंबापासून दूर राहून रक्तदाब जडलेल्या शिपायाचा दावाही त्यामुळे अवघड झाला. वरच्या पदांवर गैरवापर होत असेल तर तो नेमका कुठे, हे शोधून तिथेच उपाय करता आला असता. नियम करणाऱ्यांसमोर जवानाची बाजू मांडणारे कोणी नसले, की सरसकट नियम करणे सोपे जाते.

आता निवृत्तिवेतनाच्या रोजच्या व्यवहाराकडे येतो, कारण माझा सर्वाधिक वेळ त्यात जातो. २०२१ पासून ‘स्पर्श’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. पूर्वी बँका निवृत्तिवेतनाची आकारणी करत आणि त्यात भरपूर चुका होत; आता रक्कम थेट संरक्षण लेखा विभागाकडून खात्यात येते आणि स्वतःचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश, घरबसल्या पाहता येतो. ही खरी सुधारणा आहे आणि ती करणाऱ्यांचे श्रेय त्यांना द्यायला हवे. मात्र या व्यवस्थेत माणसाची ओळख म्हणजे नोंदींचा तंतोतंत मेळ, आणि आमच्याकडच्या बायकांच्या बाबतीत तो मेळ बसतच नाही. लग्नानंतर नाव बदलते, कधी सासरी पहिले नावही बदलते. जवानाने ज्या नावाने ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे लष्करी दप्तरातला नोंदीचा आदेश, काढून पत्नीची नोंद केलेली असते ते एक, शिधापत्रिकेवरचे दुसरे, आधारवरचे तिसरे आणि बँकेच्या पासबुकात आद्याक्षरांसह चौथे. नवरा असेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्याआधी ही चारही नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करावे लागते, आणि ते सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार असा फेरा सुरू होतो. ज्यांच्या नावापुढे आपण वीरपत्नी लावतो, त्यांनाही हा फेरा चुकत नाही. आपला माणूस जिवंत असतानाच रेकॉर्ड ऑफिसातली नावाची नोंद आधारशी जुळवून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो. वाचकांपैकी कोणाच्या घरात माजी सैनिक असतील तर त्यांनीही हे काम याच आठवड्यात करावे.

एप्रिल २०२२ मध्ये या व्यवस्थेतली एक मोठी अडचण सर्वांना दिसली. वार्षिक ओळख पडताळणी, म्हणजे आपल्या भाषेत हयातीचा दाखला, नोंदवला गेला नव्हता म्हणून सुमारे ५८ हजार जणांचे त्या महिन्याचे निवृत्तिवेतन वेळेवर जमा झाले नाही. ओरड झाल्यावर मंत्रालयाने काही दिवसांतच पैसे जमा केले आणि दाखल्याची मुदत वाढवली. दुरुस्ती तत्परतेने झाली, हे मान्य. पण त्यानंतर कोणत्याही बाहेरच्या यंत्रणेने, अशा प्रकारे निवृत्तिवेतन थांबवण्यापूर्वी किती वेळा आणि कोणत्या मार्गाने सूचना द्यावी, याचा नियम घालून दिला नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला मोबाइलवर इंग्रजीतला संदेश पाठवणे म्हणजे सूचना देणे नव्हे.

आरोग्य योजनेबद्दल थोडक्यात लिहितो. एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेली ही अंशदायी योजना अनेकांचा खरा आधार आहे. २०१५ मध्ये महालेखापरीक्षकांनी तिची सविस्तर तपासणी केली होती. पॉलिक्लिनिकमध्ये औषध नसणे आणि बिले थकल्यामुळे खासगी रुग्णालयांनी रोकडरहित उपचार थांबवणे, या तक्रारी तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. अहवाल येतो, सभागृहात ठेवला जातो, मंत्रालय त्यावर कार्यवाहीचे टिपण देते आणि पुढे काय झाले, हे सामान्य माणसाला कळण्याचा मार्ग संपतो.

सैन्याच्या सुधारणांकडे पाहताना मला याच पार्श्वभूमीची काळजी वाटते. सुधारणा नकोत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कारगिलनंतर २००१ मध्ये मंत्रिगटाने सुचवलेले संरक्षण दल प्रमुखांचे पद प्रत्यक्षात यायला १ जानेवारी २०२० उजाडावे लागले, हा विलंब अक्षम्य होता. लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीने २०१६ च्या अखेरीस अहवाल दिला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सरकारने त्यातल्या ६५ शिफारशी स्वीकारल्या. सुमारे ५७ हजार अधिकारी, जवान व नागरी कर्मचाऱ्यांची फेररचना करण्याचे ठरले, लष्करी गोशाळा बंद झाल्या. काय करणार, किती माणसे हलवणार आणि कधीपर्यंत, हे तेव्हा जाहीर झाले होते. सुधारणा तपासता येण्याजोगी असावी म्हणजे कशी, याचे ते त्यातल्या त्यात बरे उदाहरण होते. याउलट २०२० च्या अखेरीस, मुदतीपूर्वी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांना सेवेच्या वर्षांप्रमाणे कमी निवृत्तिवेतन द्यावे, असा सैन्य व्यवहार विभागाचा प्रस्ताव बाहेर फुटला. विरोधानंतर तो मागे पडला. पण सुधारणेचा खर्च कोणाच्या खिशातून काढण्याचा विचार चालतो, याची चुणूक त्यातून मिळाली.

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम आणि उरलेले सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये घेऊन घरी. निवृत्तिवेतन नाही, उपदान (ग्रॅच्युइटी) नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सैन्य तरुण राहावे, हे कारण पटण्यासारखे आहे. न्यायालयांनीही योजना वैध ठरवली आहे, त्यामुळे तो वाद मी उकरून काढत नाही. पण एवढा मोठा बदल संसदेत आधी चर्चा न होता आणि मर्यादित प्रमाणावर करून न पाहता लागू झाला. बाहेर पडणाऱ्यांसाठी जी आश्वासने दिली गेली, त्यांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या १० टक्के राखीव जागांचे आश्वासन सर्वांत ठळक होते. आधीच्या राखीव जागांचे काय झाले, हे पुनर्वसन महासंचालनालयाच्याच आकड्यांत आहे. केंद्र सरकारच्या गट क पदांत माजी सैनिकांसाठी १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा राखीव आहेत. ३० जून २०२१ रोजी ३४ केंद्रीय खात्यांत त्यांचे प्रत्यक्ष प्रमाण अनुक्रमे १.२९ आणि २.६६ टक्के होते. पोलीस दलांतल्या गट क मध्ये तर ते अर्धा टक्काही नव्हते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या, पंधरा-वीस वर्षे अनुभव असलेल्या माजी सैनिकांच्या वाट्याला जे आले नाही, ते चार वर्षांच्या जवानांना मिळेल, यावर मी कशाच्या आधारे विश्वास ठेवू?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराला, म्हणजे याच योजनेतल्या जवानाला, मरण आले. सेवेमुळे मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या कालावधीचा पगार आणि सेवानिधी अशी मदत ठरलेली आहे, आणि ती लहान नाही. पण शेजारच्या बंकरमधल्या नियमित जवानाच्या कुटुंबाला आयुष्यभर मिळणारे निवृत्तिवेतन अग्निवीराच्या आईवडिलांना मिळत नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ मध्ये, कर्तव्यावर प्राण गमावणाऱ्या अग्निवीरांच्या कुटुंबांनाही नियमित जवानांप्रमाणेच लाभ मिळावेत, अशी शिफारस केली. समितीत सर्व पक्षांचे खासदार असतात, ती साक्षी घेते, कागद मागवते आणि तिचे अहवाल अनेकदा फार चांगले असतात. पण तिची शिफारस बंधनकारक नाही. मंत्रालय ‘नोंद घेतली’ असे कळवू शकते आणि अर्थसंकल्पाच्या वेळी संरक्षणाच्या मागण्या बहुधा चर्चेविनाच मंजूर होतात.

इतर देशांनी या पोकळीवर काही उत्तरे शोधली आहेत. जर्मनीत १९५६ पासून राज्यघटनेतच संसदेचा लष्करविषयक आयुक्त आहे आणि कोणताही सैनिक वरिष्ठांची परवानगी न घेता त्याला पत्र लिहू शकतो. ऑस्ट्रेलियात सैनिक व माजी सैनिकांच्या आत्महत्यांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये १२२ शिफारशी केल्या आणि सुधारणांवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र वैधानिक संस्था हवी, हे त्यांतले महत्त्वाचे म्हणणे होते. तिथल्या सरकारने पुढच्याच वर्षी तसा आयोग कायद्याने उभा केला. तिथेही दशकानुदशके अहवाल येतच होते. ते पाळले जात आहेत का, हे पाहणारे कोणी नव्हते.

आपल्याकडेही संसदेला उत्तरदायी असा माजी सैनिक आयुक्त कायद्याने नेमता येईल. त्याच्याकडे प्रयागराजची, रेकॉर्ड ऑफिसची आणि वैद्यकीय मंडळाची कागदपत्रे मागवण्याचा अधिकार असावा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आलेली तक्रार थेट त्याच्याकडे जाण्याची सोय असावी. न्यायाधिकरण विधी मंत्रालयाकडे गेले पाहिजे आणि त्याला अवमानाचे अधिकार मिळाले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या मुद्द्यावर अपंग सैनिकाविरुद्ध अपील करायचे असेल, तर ते कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कारणासाठी आणि किती खर्चाने केले, हे आयुक्ताच्या वार्षिक अहवालात नोंदले जावे. सरकारी पैसा वाया जातो म्हणून चिंता करणाऱ्यांनी या अपिलांवरचा वकिलांचा खर्चही मोजावा, असे मला वाटते.

हे सगळे होण्यास वेळ लागेल, पण एक गोष्ट थांबू शकत नाही. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या सुरुवातीस भरती झालेल्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडू लागेल. त्यांत आमच्या तालुक्यातले तरुणही आहेत. त्यांची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून होणार नसेल, तर ती कोठे होणार, त्यांच्यापैकी किती जणांना सशस्त्र पोलीस दलांत प्रत्यक्ष नेमणूक मिळाली आणि सेवेत जडलेल्या आजारावर ते कोणत्या रुग्णालयात उपचार घेणार, हे तीन प्रश्न मी आमच्या खासदारांना आणि संरक्षणविषयक स्थायी समितीच्या सचिवालयाला लेखी पाठवत आहे. नेमणुकांचा आकडा जिल्हावार आणि दर सहा महिन्यांनी संसदेपुढे ठेवला जावा, अशी मागणीही त्या पत्रात आहे. पत्राचा मराठी मसुदा ज्यांना हवा असेल त्यांनी मला कळवावे; आपापल्या मतदारसंघाचे नाव घालून तो पाठवता येईल.